सवलतीचे ऋण

राज्याने कर किती घ्यावा याविषयी आपल्याकडे प्राचीन काळापासून विचार झाला आहे. प्रजेने तो का द्यावा याविषयीही पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु राज्याने जो कर घ्यावयाचा सोडून दिला त्याचे पुढे काय व्हावे, आणि ज्याच्यासाठी तो सोडला त्याच्यावर काही बंधन येते किंवा कसे, या प्रश्नाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. सूट जाहीर झाली, ज्याला मिळाली तो समाधान पावला, एवढ्यावर आपण तो विषय मिटवून टाकतो. उद्योग वाढावेत, भांडवल गुंतवले जावे, हाताला काम मिळावे या हेतूने आपल्या देशात वेळोवेळी कर कमी करण्यात आले आहेत आणि पुढेही येतील. तेव्हा अशा सवलतीचे नैतिक स्वरूप काय, ती देणगी आहे, हक्क आहे की ऋण आहे, याचा थोडा विचार करण्याचे येथे योजिले आहे.

आपल्या धर्मशास्त्रकारांनी करासंबंधी जे दृष्टान्त योजिले ते बहुतेक घेणाऱ्याच्या मर्यादेविषयी आहेत. मनुस्मृतीने राजापुढे जळू, वासरू आणि भ्रमर यांचे उदाहरण ठेविले. थोडे थोडे घ्यावे आणि ज्याच्यापासून घ्यावयाचे त्याला जिवंत राखावे, असा त्याचा आशय. महाभारताच्या शांतिपर्वात माळी आणि कोळसे पाडणारा यांची तुलना आहे. माळी फुले तोडतो पण झाड राखतो. कोळसे पाडणारा झाडच जाळून टाकतो. राजाने माळ्यासारखे असावे, हा तेथील उपदेश. आजचा अर्थशास्त्रज्ञ भांडवल आणि नफा यांची जी चर्चा करतो तिचे बीज या दृष्टान्तात आहे. फूल म्हणजे वर्षाचा नफा आणि झाड म्हणजे भांडवल. झाडाला हात लावला की पुढील वर्षीची परडी रिकामी राहावयाची.

हे कसे घडते हे एका साध्या हिशेबाने ध्यानात येईल. एखाद्या गृहस्थापाशी शंभर रुपये आहेत. ते कारखान्यात घातल्यास वर्षाला पंधरा रुपये नफा होईल असा त्याचा अंदाज आहे. आणि कर वजा जाता निदान अकरा रुपये हाती पडल्याखेरीज या धोक्यात उतरावयाचे नाही, असा त्याचा निश्चय आहे. कराचा दर शेकडा तीस असेल तर त्याच्या हाती साडेदहा रुपये पडतील आणि कारखाना उभा राहणार नाही. दर शेकडा बावीस असेल तर अकरा रुपये सत्तर पैसे पडतील आणि तोच कारखाना उभा राहील. गृहस्थ तोच, बाजार तोच, यंत्रेही तीच. दरातील आठ टक्क्यांनी निर्णय फिरला. अर्थात् प्रत्यक्ष व्यवहार इतका सरळ नसतो. मालाला गिऱ्हाईक आहे की नाही, वीज, पाणी आणि रस्ता आहे की नाही, कुशल कामगार मिळतो की नाही, आणि आजचा नियम दहा वर्षांनी टिकेल की नाही, याचाही हिशेब त्याला करावा लागतो. यांतील पुष्कळशा गोष्टी कराच्या पैशातूनच उभ्या राहतात, हेही विसरता येत नाही. तथापि कराचा दर हे गुंतवणुकीच्या तराजूतील एक खरे वजन आहे, एवढे मान्य करावे लागते.

हे ज्ञान आपणांस परकीयांकडून मिळाले असेही नव्हे. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना मिठाविषयी जे पत्र लिहिले ते प्रसिद्ध आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशचे मीठ स्वस्त पडते म्हणून व्यापारी तिकडे वळतात आणि स्वराज्यातील मीठ पडून राहते, तेव्हा त्या मिठावर जबर जकात बसवावी, असा त्याचा आशय होता. जकातीने व्यापाराची वाट बदलते हे त्या काळच्या राज्यकर्त्याला पूर्ण ठाऊक होते. त्याहून आमच्या विषयाला जवळची गोष्ट म्हणजे इस्ताव्याचा कौल. पडीक जमीन जो लागवडीस आणील त्याला सरकार कौल देई. पहिल्या वर्षी सारा अगदी अल्प, दुसऱ्या वर्षी त्याहून थोडा अधिक, असा चढत चढत काही वर्षांनी तो पुऱ्या दराला पोहोचे. ५ सप्टेंबर १६७६ च्या पत्रात महाराजांनी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिले की, कष्ट करण्याची ताकद आहे पण बैल नाही, दाणा नाही, अशा कुणब्याला ते पुरवावे आणि दिलेले मुद्दल वाढीदिढीवाचून, त्याला तवाना येईल तसे हळूहळू वसूल करावे.

या व्यवस्थेत एक गोष्ट स्पष्ट होती. सारा सोडला तो जमीन पिकावी म्हणून. कौल घेऊन एखाद्याने रान तसेच पडीक ठेविले, तर त्या कौलाला अर्थ उरत नसे. आमच्या वाचकांना हे निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. देवस्थानांच्या व्यवहारात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना हे पुरते ठाऊक आहे की, नंदादीपाच्या तेलासाठी दिलेल्या जमिनीचे उत्पन्न तेलासाठीच लागावे लागते आणि सेवेसाठी लावून दिलेली जमीन ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे ती सेवाही असते. जमीन ठेवावयाची आणि सेवा सोडावयाची, हा व्यवहार कोणत्याही महाजन मंडळीच्या सभेत निमूटपणे चालू दिला जात नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या आपल्या करव्यवस्थेकडे या दृष्टीने पाहिले असता दोन परस्परविरोधी चित्रे दिसतात. एकीकडे कोळसे पाडणाऱ्याचे चित्र आहे. १९७३-७४ या वर्षी दोन लाख रुपयांवरील वैयक्तिक उत्पन्नावर अधिभार धरून शेकडा पावणेअठ्ठ्याण्णव इतका प्राप्तिकर होता. म्हणजे वरच्या शंभर रुपयांतील सव्वादोन रुपये कमावणाऱ्याकडे राहत. त्यावर संपत्तिकर निराळा. वस्तुतः निकोलस काल्डॉर यांनी १९५६ मध्ये भारत सरकारला सादर केलेल्या अहवालात संपत्तिकर, खर्चकर आणि देणगीकर सुचविताना प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर शेकडा पंचेचाळीसवर आणावा असेही सुचविले होते. आपण नवे कर घेतले आणि दर मात्र चढवीत नेला. परिणाम काय झाला हे माजी सरन्यायाधीश वांच्छू यांच्या समितीने १९७१ च्या डिसेंबरात सांगितले: अतिशय चढे दर हे करचुकवेगिरीचे प्रमुख कारण आहे. पुढे १९७४ मध्ये दर शेकडा सत्याहत्तरवर, १९८५ मध्ये पन्नासवर आणि १९९७ मध्ये तीसवर आला. त्या चढ्या दरांनी भांडवलाची हानी केली हे खरेच. परंतु आमच्या मते त्याहून मोठी हानी नीतीची झाली. जो कायदा प्रामाणिक माणसाला अशक्य वाटतो तो त्याला दोन वह्या ठेवण्यास शिकवितो, आणि एकदा लागलेली ही सवय दर उतरल्यावरही सहजी सुटत नाही.

दुसरे चित्र इस्ताव्याच्या कौलाचे आहे. १९५५ पासून १९७४ पर्यंत नवी यंत्रसामग्री बसविणाऱ्या उद्योगाला डेव्हलपमेंट रिबेट, म्हणजे विकास-सूट, मिळत असे. यंत्राच्या किमतीचा ठराविक भाग करपात्र नफ्यातून अधिक वजा होई. पण त्याला अटी होत्या. सुटीच्या रकमेपैकी पाऊण भाग राखीव निधीत टाकावा लागे. आठ वर्षेपर्यंत तो निधी उद्योगातच वापरावा लागे, लाभांश म्हणून वाटता येत नसे. आणि यंत्रही आठ वर्षे विकता येत नसे. अट मोडली की सूट परत. यात नैतिक विचार उघड आहे. राज्याने जे सोडले ते ज्यासाठी सोडले त्यालाच लागले पाहिजे, आणि लागले की नाही हे हिशेबात दिसले पाहिजे.

परंतु या पद्धतीची दुसरी बाजू आम्ही वकिली करणाऱ्यांनी तरी लपवू नये. प्रत्येक अट म्हणजे एक वाद. निधी योग्य वर्षी टाकला की नाही, हस्तांतर झाले म्हणजे विक्री झाली की नाही, अशा प्रश्नांवर वर्षानुवर्षे अपिले चालत. अटींच्या रानातून वाट काढण्यासाठी मोठा उद्योजक सल्लागार ठेवू शके. लहान कारखानदार मात्र त्या रानात हरवून जाई. म्हणून सवलती कमी, अटी कमी, दरही कमी आणि सर्वांना सारखा, हा विचार पुढे बळावला. तो चुकीचा आहे असे आम्ही म्हणणार नाही.

या विचाराचे सर्वांत मोठे पाऊल गोव्याच्या भूमीवर पडले. २० सप्टेंबर २०१९ रोजी वस्तू व सेवा कर परिषदेच्या बैठकीसाठी पणजीत आलेल्या अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी देशी कंपन्यांवरील कर कमी केल्याची घोषणा येथूनच केली. इतर सवलती सोडून देणाऱ्या कंपनीला शेकडा बावीस, अधिभार व उपकर धरून सुमारे सव्वापंचवीस, असा दर झाला. १ ऑक्टोबर २०१९ नंतर स्थापन होऊन ठराविक मुदतीत उत्पादन सुरू करणाऱ्या नव्या कारखानदार कंपनीला दर शेकडा पंधरा. वाढ आणि गुंतवणूक यांना चालना देणे हा हेतू सरकारने स्वतःच सांगितला, आणि त्यासाठी वर्षाला सुमारे १ लाख ४५ हजार कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडावे लागेल असा अंदाजही जाहीर केला. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, पंधराच्या दराला कारखाना उभारण्याची अट होती. बावीसच्या दराला वाचलेल्या पैशाचे काय करावे याविषयी कोणतीही अट नव्हती.

पुढे काय झाले? सरकारच्या कंपनीकराचे उत्पन्न २०१८-१९ मध्ये सुमारे ६ लाख ६४ हजार कोटी होते ते २०१९-२० मध्ये सुमारे ५ लाख ५७ हजार कोटींवर आले. रिझर्व्ह बँकेने २०२० च्या आपल्या वार्षिक अहवालात नमूद केले की, वाचलेला पैसा कर्जफेडीकडे आणि रोख शिल्लक वाढविण्याकडे गेला. नव्या भांडवली उभारणीकडे तो वळला नाही. पुढे कंपनीकराचे उत्पन्न वाढले आणि २०२२-२३ मध्ये ते आठ लाख कोटींच्या वर गेले, हेही सांगितले पाहिजे. तथापि सरकारच्याच २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीने दाखवून दिले की, तेहतीस हजारांहून अधिक कंपन्यांचा करपूर्व नफा २०१९-२० पासूनच्या तीन वर्षांत जवळजवळ चौपट झाला, पण नोकरभरती आणि वेतन त्या मानाने वाढले नाही. मधल्या काळात महामारी येऊन गेली; तेव्हा यातील किती परिणाम कराचा आणि किती अन्य कारणांचा हे तोलणे अवघड आहे. पण नैतिक प्रश्न उभा राहण्यास एवढे पुरेसे आहे.

तो प्रश्न मांडण्यासाठी न्यायशास्त्रातील एका तत्त्वाचा आधार घेतो. उत्तर प्रदेश सरकारने १९६८ मध्ये नव्या उद्योगांना तीन वर्षे विक्रीकर माफ करण्याचे जाहीर केले. त्या वचनावर विसंबून मोतीलाल पदमपत शुगर मिल्स या कंपनीने कर्ज काढून कानपूरला वनस्पती तुपाचा कारखाना उभारला. १९७० मध्ये सरकारने माफी मागे घेतली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७८ मध्ये निर्णय दिला की, ज्याच्या वचनावर विसंबून दुसऱ्याने आपली स्थिती बदलली त्याला, तो सरकार असला तरी, ते वचन नाकारता येणार नाही. न्यायमूर्ती भगवती यांचा हा निवाडा एस्टॉपेलच्या तत्त्वाचा मोठा आधार मानला जातो. हेच तत्त्व राज्य विसरले की काय होते हे व्होडाफोन प्रकरणात दिसले. २० जानेवारी २०१२ रोजी न्यायालयात हरल्यावर सरकारने त्याच वर्षी पूर्वलक्ष्यी दुरुस्ती करून कायदा १९६२ पर्यंत मागे नेला. आणि नऊ वर्षांनी, ऑगस्ट २०२१ मध्ये, अशा मागण्या सोडून देण्याचा कायदा त्याला करावा लागला. खेळ संपल्यावर नियम बदलणाऱ्यावर कोणीही पैसा लावीत नाही.

म्हणजे राज्याने शब्द पाळावा यासाठी कायदा आहे. आता आमचा प्रश्न असा की, हे बंधन एकाच बाजूचे कसे? कर कमी करा, म्हणजे गुंतवणूक येईल, रोजगार वाढेल, असे उद्योगांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे सांगितले. हेही एक प्रकारचे वचनच. त्यावर विसंबून राज्याने आपली स्थिती बदलली, महसूल सोडला. तो सोडला तेव्हा तो कोणा एका मंत्र्याच्या खिशातून गेला नाही. आगपेटीपासून औषधापर्यंत कर भरणारी मोलकरीण, पगारातून कर कापला जाणारा शिक्षक, या सर्वांच्या नावे तो सोडला गेला. आणि २०२३-२४ मध्ये व्यक्तींकडून आलेला प्राप्तिकर कंपन्यांकडून आलेल्या कराहून अधिक होता, हे येथे ध्यानात ठेवावे. वचन, विश्वास आणि त्यापायी बदललेली स्थिती, ही तिन्ही अंगे येथे आहेत. तरी कोणतेही न्यायालय कंपनीला विचारणार नाही की, तुझ्या वचनाचे काय झाले. कायद्याला हे विचारता येत नाही म्हणून नीतीनेही विचारू नये काय?

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की, नफा मूळचा उद्योजकाचाच. राज्याने त्यातून कमी घेतले म्हणजे उपकार केला असे होत नाही. चोराने निम्मेच लुटले म्हणून त्याचे आभार मानावयाचे काय? शेकडा पावणेअठ्ठ्याण्णवच्या काळी हा युक्तिवाद आम्ही मान्य केला असता. अन्यायाचा दर उतरून न्यायाचा झाला तर त्याचे ऋण कोणी मानू नये. परंतु आधीचा दर लुटीचा होता असे २०१९ मध्ये म्हटले गेले नाही. सवलत मिळाली ती वाढीच्या नावावर. ज्या कारणाचे नाव पुढे करून मागितले ते कारण मिळाल्यानंतर विसरता येत नाही. मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी म्हणून जमविलेल्या वर्गणीविषयी कोणी ‘पैसे तर आमच्या हाती आले, आता काय करावयाचे ते आमचे आम्ही पाहू’ असे म्हणेल, तर आपण त्याला काय म्हणू?

दुसरा आक्षेप याहून व्यवहारी आहे. गिऱ्हाईक नसता कारखाना बांधणे हा पुरुषार्थ नसून मूर्खपणा आहे. त्यात भागधारक बुडतात, बँकेतील ठेवीदार बुडतात, शेवटी कामगारही बुडतो. हे अगदी खरे. म्हणूनच आम्ही असे म्हणत नाही की, सवलत घेतली म्हणजे दुसऱ्या दिवशी यंत्रे आणलीच पाहिजेत. कर्ज फेडून पाय घट्ट करणे हाही त्या पैशाचा सद्व्यय आहे. कौल घेणारा कुणबीही पाऊस पाहूनच पेरणी करी. पण पाऊस पडल्यावर त्याने पेरले नाही, तर मात्र त्याला दोष लागे.

तेव्हा या ऋणाचे स्वरूप आम्हांस असे दिसते. सवलतीने वाचलेला पैसा उद्योजकाच्या हाती आहे, पण नीतीच्या दृष्टीने तो काही अंशी ठेव आहे. त्याचा पहिला विचार उत्पादनासाठी, नव्या यंत्रासाठी, कामगाराच्या कौशल्यासाठी आणि वेतनासाठी व्हावा. तशी वेळ नसेल तर ऋणमुक्तीसाठी. आणि भागधारकाच्या लाभांशाचा विचार त्यानंतर. वेळ अनुकूल होऊनही, नफा चौपट होऊनही, कामगाराला आणि उभारणीला त्यातील वाटा मिळत नसेल, तर तेथे विश्वासभंग होतो, मग कायद्याच्या कोणत्याही कलमात तो बसो वा न बसो. लहान दुकानदाराचे ऋण लहान, मोठ्या कंपनीचे मोठे. कारण तिने मागितलेही मोठ्या आवाजात. आणि राज्यानेही आपला शब्द दोन्ही अंगांनी पाळावा: दिलेला नियम मध्येच मोडू नये, आणि सोडलेल्या महसुलाचे काय झाले याचा हिशेब प्रजेपुढे दरवर्षी स्पष्टपणे ठेवावा. कायद्यातील अटी काढून टाकल्या याचा अर्थ कर्तव्य उरले नाही असा होत नाही. त्या अटी सुटसुटीतपणासाठी काढल्या. कर्तव्याचा भार तेवढा माणसाच्या विवेकावर अधिक पडला. विवेकाने तो उचलला नाही तर अटी पुन्हा येतील, त्यांच्याबरोबर वाद येतील, अधिकारी येतील, आणि त्यात सर्वांत आधी लहान माणूस भरडला जाईल.

यात आपणही अलिप्त नाही. आज आपल्यापैकी कित्येकांची बचत म्युच्युअल फंडांत, भविष्यनिर्वाह निधीत किंवा प्रत्यक्ष भागांत गुंतलेली आहे. म्हणजे त्या कंपन्यांचे अल्पसे मालक आपणही आहोत. लाभांश वाढला की आपल्याला आनंद होतो, आणि घरातील मुलाला नोकरी मिळत नाही म्हणून आपण सरकारला दोष देतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे आपल्या मनात येत नाही. देवस्थानाच्या वार्षिक सभेत जमाखर्च वाचला जातो तेव्हा कोणी तरी वृद्ध महाजन उठतो आणि विचारतो, ‘तेलासाठी इतके आले, मग तेलाला इतकेच का लागले?’ त्या प्रश्नाने पुष्कळदा विश्वस्तांचे पाऊल वाकडे पडत नाही. ज्यांच्या हाती कंपनीचे भाग आहेत त्यांना कंपनीच्या वार्षिक सभेत हाच प्रश्न विचारण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. तो वापरावा, एवढेच आमचे सांगणे आहे.